बिनपावतीचं भाडं

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नांदेडच्या आमच्या वर्तमानपत्राने तिथे कचेरी उघडली आणि मला पाठवलं. जिल्ह्यामागोमाग साहेब लोक आले, घरं मिळेनाशी झाली आणि लातूरच्या घरमालकांना आपल्या भिंतींची किंमत कळली. मला एका अडत व्यापाऱ्याच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. भाडं अवाच्या सवा होतं. पण आवारात विहीर होती आणि त्या दुष्काळात गल्लीत तेवढ्या एकाच विहिरीला पाणी होतं. मी घासाघीस केली नाही.

पगारदार माणसाचा वर्षाचा प्राप्तिकर थकत थकत फेब्रुवारीच्या पगारावर येऊन पडतो. घरभाड्याची तिकीट लावलेली पावती दिली तर तो बराच कमी होतो. नाही दिली तर त्या महिन्यात घरी न्यायला फारसं काही उरत नाही. मी नांदेडला मुख्य कचेरीत गेलो तेव्हा हिशेबनिसापुढे पावत्यांचा ढीग होता. निम्मे सहकारी वडिलांच्या घरात राहत आणि सासऱ्याच्या सहीची पावती देत. भ्रष्टाचारावर दर आठवड्याला स्तंभ लिहिणाऱ्या वृत्तसंपादकांच्या पावतीवर त्यांच्या आईचा अंगठा होता.

"बघा, साहेब आईला भाडं देतेत. श्रावणबाळ!" हिशेबनीस म्हणाला. "तुमची कुठाय?"

"मालक देत नाही. पण भाडं खरंच भरतो."

"खऱ्याचं मी काय करू? पावती न्हाई, म्हंजे तुम्ही लातुरात झाडाखाली राहता असं धरतो."

परत येऊन मी व्यापाऱ्याला गाठलं. त्याची पूजा नुकतीच आटोपली होती. कपाळावरचं भस्म ओलं होतं.

"भाडं तुम्ही देता, मी घेतो. मधी सरकार कशाला?" तो म्हणाला. "पावती दिली की ती रक्कम माझ्या उत्पन्नात धरतेत."

"माझा पगार कापला जातोय."

"मग देतो की पावती. पण भाड्यात खोल्या हायेत, साहेब. पाणी न्हाई. ते आपलं प्रेमाचं चालू हाय."

तो हसत होता. मी घरात येऊन बायकोला सांगितलं. ती माठ घासत होती. "घ्या पावती," ती मान वर न करता म्हणाली. "तहान लागली की चघळत बसू."

मी पावती घेतली नाही. फेब्रुवारीत कर पूर्ण कापला गेला. उरलेल्यातून भाडं गेलं आणि घरखर्चासाठी मेहुण्याकडून उसने घ्यावे लागले. श्रावणबाळाचा पगार जवळजवळ शाबूत होता.

उन्हाळ्यात गल्लीला विहीर खुली ठेवल्याबद्दल व्यापाऱ्याचा जाहीर सत्कार झाला. शाल घेऊन तो म्हणाला, "पाणी ही इकायची चीज न्हाई." टाळ्या झाल्या. मी बातमीदार म्हणून हजर होतो; तो म्हणाला ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. 'दुष्काळातला दाता' हा मथळा वृत्तसंपादकांनी नांदेडला बसून दिला.

अंक आला त्या सकाळी व्यापारी प्रथमच आमच्या दारात आला.

"दोन अंक जास्तीचे द्या, साहेब," तो म्हणाला. "असं काही लेखी असलेलं बरं असतंय."