सासूबाईंचे दंड

लग्न होऊन मी नागपूरहून जबलपूरला आले तेव्हा माझ्या सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवलेलं. अंगानं आधीच बारीक, त्यात दोन वर्षांपूर्वी टायफॉइडनं त्यांना फार दिवस अंथरुणाला खिळवलं. ताप गेला, पण अंग काही भरलं नाही.

बऱ्या झाल्यावर आम्ही ग्वारीघाटला गेलो. नर्मदेत दिवा सोडायला त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि त्यांना उठताच येईना. मी आणि शेजारच्या फुलवालीनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

डॉक्टरांनी पाय तपासले. म्हणाले, "गुडघे ठीक आहेत. मांडीत स्नायूच उरले नाहीत. नुसतं फिरून भागणार नाही, हळूहळू वजन उचलायला लागा."

घरी आल्यावर चप्पल काढता काढता त्या मला म्हणाल्या, "आपल्या गोरखपूर बाजारात ते मोबाइलच्या दुकानाच्या वर जिम आहे ना, तिथं मला घेऊन चल."

तिथला ट्रेनर पंचविशीतला. त्यानं अदबीनं सांगितलं, "आंटी जी, योगा क्लास बगल में है."

"मुझे योगा नहीं, वजन उठाना है," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

सुरुवात झाली ती रिकाम्या हातांनी, खुर्चीवरून उठणं आणि बसणं एवढ्यानंच. मग कधीतरी पाण्याच्या बाटलीएवढं डंबेल हातात आलं. ट्रेनरनं अंडी सुचवली. त्या म्हणाल्या अंडं जमणार नाही, दुसरं काय ते सांग. मग आमच्याकडे रोज मुगाचे चिले म्हणजे धिरडी, पनीर, दही आणि संध्याकाळी भाजलेले चणे सुरू झाले. माझ्या नवऱ्यानंही उत्साहानं जिममध्ये नाव घातलं होतं. थंडी पडली तसं त्याचं जाणं सुटलं. सासूबाई मात्र स्वेटरवर शाल गुंडाळून माझ्या स्कूटीवर मागे बसायच्या.

कितीतरी महिने दिसण्यासारखं काहीच झालं नाही. एकदा मी विचारलं, "आई, काही फरक वाटतो का?"

"नाही. अन् इतक्यात काहून वाटावा?" त्या सहज म्हणाल्या. "पहिलीच्या पोरांना शिकवताना दिवाळीपर्यंत मला वाटे, यांच्या डोक्यात काहीच जाऊन नाही राहिलं. मग एखाद्या दिवशी पोरगं रस्त्यावरची पाटी वाचत येई. तोवर आपण रोज शिकवायचं."

पावसाळ्यात त्यांना पुन्हा ताप आला. कमावलेली ताकद निघून गेली. बरं वाटल्यावर त्या जिममध्ये गेल्या आणि नेहमीचं डंबेल उचलून पाहिलं, ते खांद्यापर्यंतही जाईना. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी डंबेल जागेवर ठेवलं, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि ट्रेनरला म्हणाल्या, "चलो, फिर से शुरू करते हैं." चेहऱ्यावर राग नव्हता की दुःख नव्हतं. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी शिकवायला उभ्या राहत असतील, तशाच उभ्या होत्या. माझ्याच्यानं हे झालं नसतं, हे मला त्या क्षणी कळलं.

यंदा भाचीच्या लग्नासाठी त्यांनी बडा फुहारा बाजारातल्या नेहमीच्या शिंप्याकडे जुन्या मापाचं ब्लाउज शिवायला टाकलं. घरी घालून पाहिलं तर बाही दंडाला अडकली. आम्ही दोघी ते घेऊन परत गेलो.

शिंपी म्हणाला, "माताजी, आप थोड़ी मोटी हो गई हैं."

"मोटी नहीं हुई, भैया." त्यांनी पदर बाजूला केला, हात कोपरात वाकवला आणि दंड त्याच्यापुढे धरला. त्वचा सैल होती, पण तिच्याखाली लिंबाएवढा घट्ट गोळा उभा राहिला. शिंप्यानं कौतुकानं मान हलवली आणि टेप काढून नवं माप घेतलं.

"बाही ढीली कर दो," सासूबाई म्हणाल्या, "और सिलाई में थोड़ा कपड़ा छोड़कर रखना. अभी और बढ़ेगा."