म्हैस सापडली का?

कुठं चाललात आणि किती लांब, एवढं ज्योत्स्ना पगारेला कळलं की तिचा हात पिशवीत गेलाच म्हणून समजा. पुढं ती मोबाइलच्या कार्डात गोष्टी भरून द्यायला लागली, पण ही हकिकत वॉकमनच्या दिवसांतली. तिच्या कापडी पिशवीत डब्याखाली कॅसेटी असायच्या. कथाकथनं, भाषणं, नकला. गाणी नाहीत. "चालायचं तर गोष्टच पाहिजे. पुढं काय झालं, या ओढीनं पाय उचलतात," हे तिचं शास्त्र.

नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत शेजारच्या अक्काबाईंना साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर अक्काबाई फाटकापर्यंत जाऊन दमून परत येत. ज्योत्स्नानं त्यांच्या कानाला वॉकमन लावला आणि बजावलं, "एक बाजू जायला, एक बाजू यायला. कॅसेट उलटली की तुम्हीपण उलटं फिरा." अक्काबाई त्या दिवशी इतक्या लांब गेल्या की घरचे शोधायला निघाले. साखर उतरली, आणि श्रेय डॉक्टरांनी घेतलं. जगाची रीतच आहे.

पण दुसऱ्यांचे आवाज वाटत फिरणाऱ्या या बाईला स्वतःच्या आवाजाची मात्र लाज वाटायची. आवाज जाड, खर्जातला, थेट वडिलांवर गेलेला. सिन्नरच्या अलीकडे माळेगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात ती क्लार्क होती. फोन उचलून 'हॅलो' म्हटलं की पलीकडून यायचं, "भाऊ, जरा मॅडमना द्या." शेवटी साहेबांनी तो फोनच दुसऱ्या मुलीच्या टेबलावर हलवला. कॉलनीत जयंतीच्या कार्यक्रमाचं निवेदन लिहायचं ज्योत्स्नानं, आणि वाचायचं कॉलनीतल्याच तृप्तीनं, कारण तृप्तीचा आवाज गोड. "बरोबरच आहे," असं ज्योत्स्ना हसून म्हणायची. बरोबर काही नव्हतं, आणि तिला ते फार लागायचं. चारचौघांत ती दबक्या आवाजात बोलायची ती त्यामुळंच.

ऑफिसला ती गोटीरामच्या काळ्या-पिवळ्या जीपनं जायची. गोटीराम मनानं चांगला, पण टेप अशी लावायचा की जीपच्या आधी गाणं सिन्नरला पोचायचं. सिन्नरला बांगड्या विकायला जाणाऱ्या सावित्रीबाई कानावर पदर दाबून बसत. एकदा ज्योत्स्नानं त्याच्या हातात कथाकथनाची कॅसेट ठेवली.

"ताई, बडबड कोण ऐकतंय?" गोटीराम म्हणाला.

सगळ्या जीपनं ऐकली. दिवाळीपर्यंत तिची पिशवी रिकामी झाली. "आता नवीन आणा," गोटीराम म्हणाला, जसा काही तिचा कॅसेटींचा कारखानाच होता.

मग एका रविवारी नवरा बाहेर गेल्यावर ज्योत्स्नानं टेपरेकॉर्डर स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, दार लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज मोकळा सोडला. गोष्ट तिची स्वतःची. पेठकडच्या डोंगरातली नवसाबाई, तिची हरवलेली म्हैस, आणि त्या म्हशीपायी पाड्यापाड्यांवर भेटलेली माणसं. सोमवारी कॅसेट देताना तिनं ठोकून दिलं, "मुंबईची कोणी बाई आहे." लोक हसले तर मुंबईच्या बाईला हसतील, एवढाच हिशेब. तेव्हापासून जीपमध्ये तिनं तोंडाला कुलूप लावलं. बोलली की पकडली जाणार.

कोणी हसलं नाही. उलट म्हैस कोणी पळवली यावर शिंदे-पळसे ही गावं मागं पडेपर्यंत वाद रंगायचे. दर सोमवारी पुढचा भाग असायचा, आणि त्या दिवशी लोक रिकाम्या जीपा सोडून गोटीरामची वाट बघत उभे राहायचे. एकदा ऐन रंगात कॅसेटमध्ये कुकरची शिट्टी झाली.

"नवसाबाईच्या झोपडीत कुकर कुठला?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"शेजारचा असंल," गोटीराम म्हणाला. "मुंबईला घरं लय चिकटून राहतात."

ज्योत्स्ना खिडकीबाहेर बघत बसली. सावित्रीबाईंना तिची दया यायची. "पोरीचा घसा बसलाय," म्हणून त्या रोज तिला एक लवंग द्यायच्या, आणि ती मुकाट्यानं चघळायची.

शेवटचा भाग लागला त्या सोमवारी जीप खच्चून भरली होती. मोहदरी घाट लागला. गोष्टीत अंधार पडला होता, नवसाबाई दरीच्या काठावर उभी होती, आणि खालून घंटा वाजल्यासारखी वाटली. तेवढ्यात आवाज लांबला, घोगरला आणि बंद पडला. टेपमध्ये रीळ गुंतलं होतं. गोटीरामनं ओढलं तर शेवयांसारखा गुंताच हातात आला.

"सापडली का नाय मग?" मागून कोणीतरी विचारलं.

"मुंबईला पत्र टाकावं लागंल," गोटीराम म्हणाला, आणि जीपमध्ये सुतक पडलं.

घाट संपला की माळेगाव फाटा. ज्योत्स्नानं एक पाय खाली ठेवला. उतरून गेली असती तर मुंबईची बाई कायमची मुंबईतच राहिली असती. मागे सावित्रीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "गेली बिचारी म्हैस."

ते मात्र तिला सोसवेना. तिनं पाय आत घेतला, दार ओढलं आणि सुटलेल्या शब्दापासून सुरू केलं. "घंटा वाजली, पण ती दरीतून नाही. नवसाबाई वळली..."

सगळी जीप वळली. तोच आवाज, तेच थांबणं. गोटीरामनं आरशात पाहिलं, गियर टाकला, आणि माळेगाव मागं पडलं. ज्योत्स्नाला कसलं भान नव्हतं. तिचा जाड आवाज जीपच्या पत्र्यापर्यंत भरला होता आणि माणसं श्वास धरून तो ऐकत होती. सिन्नरचा स्टँड आला, तरी कोणी उतरेना. शेवटी कारवीच्या झुडपातून म्हैस निघाली, मागे दुडदुडत रेडकू, आणि मगच माणसांनी पिशव्या उचलल्या.

सावित्रीबाई तिच्याकडे रोखून बघत होत्या. "म्हंजे इतके दिवस माझ्या लवंगा कुणाला चारल्या मी?"

"मुंबईच्या बाईला," गोटीराम म्हणाला, आणि जीप हसली. ज्योत्स्नाही हसली, पदर तोंडावर न घेता.

गोटीरामनं तिला माघारी ऑफिसच्या दारात आणून सोडलं. भाडं काही घेतलं नाही. उशीर चांगलाच झाला होता. दुसऱ्या टेबलावरचा फोन वाजत होता आणि ती मुलगी जागेवर नव्हती. ज्योत्स्नानं सरळ जाऊन उचलला.

"हॅलो."

"भाऊ, जरा मॅडमना द्या."

"मीच मॅडम," ज्योत्स्ना त्याच मोकळ्या आवाजात म्हणाली. "बोला."