तलावात कोणाला एकटं सोडत नव्हते?

डॉ. वासुदेवरावांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या समितीला मी दोनदा नकार कळवला होता. सत्तरी ओलांडल्यावर कौतुकाचे लेख लिहिण्याचा उत्साह राहत नाही. मागच्या महिन्यात सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावची कुंदा, माझी जुनी विद्यार्थिनी, आपल्या मुलीची वही घेऊन आली. वहीत लाल शाईत शेरा होता: ‘लक्ष नाही.’

“बाई, वासुदेवराव डॉक्टरांवर तुमी नाही लिहाल तं कोन लिहिन?” एवढंच ती म्हणाली. म्हणून लिहिते आहे.

डॉ. वासुदेवरावांची आणि माझी पहिली भेट अशाच शेऱ्याच्या निमित्ताने झाली. कुंदा तेव्हा तिसरीत होती आणि मी तिची वर्गशिक्षिका. पाढे म्हणता म्हणता ती मध्येच गप्प व्हायची आणि भिंतीकडे बघत राहायची. मी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ असा शेरा मारला होता आणि तिला उभी करत असे. कधी तासभर. एका दुपारी डॉक्टर शाळेच्या आरोग्य तपासणीला आले, तेव्हा तो शेरा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी माझ्या वहीचं एक पान मागितलं, त्याची भिंगरी केली आणि कुंदाला म्हणाले, “फुंक बेटा, थांबू नको.”

ती फुंकत राहिली. मिनिट-दीड मिनिटाने भिंगरी थांबली. डोळे उघडे, पापण्या किंचित थरथरत. मी तिला मोठ्याने हाक मारली. वर्ग दचकला, ती नाही. मी दहापर्यंत मोजलं. मग ती काही झालंच नाही अशी पुन्हा फुंकू लागली आणि म्हणाली, “बाई, थांबू काय आता?”

 डॉक्टरांनी फक्त तिच्यासाठी खुर्ची मागितली. हा प्रसंग त्यांनी आजवर गावात कोणाला सांगितलेला नाही. मीच सांगते आहे.

क्षणभर भान हरपणारी ही मिरगीच होती; कुंदाला गोळ्या सुरू झाल्या, पण घरात वेगळंच पेटलं. तिच्या आईने हा आजार माहेरून आणला, असं सासरचे म्हणू लागले. तिला माहेरी धाडायचं ठरत होतं. डॉक्टर मला लिहायला सोबत घेऊन त्यांच्या घरी गेले. हे तलावात मासे धरणारं कुटुंब. जाळी दुरुस्त करत सगळे अंगणात बसले होते. ‘झटके कोणाला येत होते?’ असं विचारलं असतं तर एकानेही तोंड उघडलं नसतं. पोरींची लग्नं अडतात. डॉक्टरांनी विचारलं, “सांगा बरं, तलावात कोणाले एकटं सोडत नव्हते?”

कुंदाची आजी पटकन बोलली, “माह्या मालकाले. अन् नणदेले तं काठावरबी नाही.”

“डॉक्टरसाहेब, आमच्या घरचे अर्धे तं काठावरच बसून राहते,” कुंदाचे वडील हसून म्हणाले. मग त्यांचं हसू थांबलं. दोन्ही नावं त्यांच्याच घरची होती. तापात डोळे फिरवणारी त्यांची चुलत भावंडंही मग मी लिहीत असलेल्या वंशावळीच्या वहीत आली. माहेरी धाडण्याची भाषा त्या दिवसापासून बंद झाली.

पुढे पुष्कळ वर्षांनी, कुंदाचं लग्न ठरताना, डॉक्टरांनी तिचं रक्त मोठ्या शहरात तपासायला पाठवलं. जीएबीआरजी-टू नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल निघाला. डॉक्टरांनी त्याच अंगणात बसून समजावलं: मेंदूत ‘चल’ म्हणणारे निरोप असतात, तसे ‘थांब’ म्हणणारेही. थांबचा निरोप पेशीवरच्या एका दारातून आत जातो. ते दार पाच फळ्यांचं. त्यातल्या एका फळीचा आराखडा या जनुकात लिहिलेला असतो.

“अन् एक फळी वाकडी निघाली तं?” डॉक्टरांनी विचारलं.

“दार बराबर चालत नाही,” वडील म्हणाले. “पण फळीले गाळी देऊन काय फायदा?”

डॉक्टर म्हणाले, “हेच मले सांगायचं होतं.” नवऱ्या मुलाला त्यांनी हेही सांगितलं की ही फळी पोरांत जाईल किंवा जाणार नाही, दोन्ही सारखंच शक्य. अहवालाने औषध बदललं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. लग्न झालं.

आता डॉक्टरांचा हात कापतो. दवाखाना या वर्षी बंद होतो आहे. ते थकलेत, मीही थकले. तरी लाल शेऱ्याचं कळताच ते माझ्यासोबत कुंदाच्या मुलीच्या शाळेत आले आणि भिंगरी केली; फुंकता फुंकता मुलगीही मध्येच थांबली. तिची तरुण शिक्षिका पाहत राहिली, जशी मी पाहत राहिले होते.  खुर्ची तिने स्वतःच आणली.

डॉक्टरांनी पंचाहत्तरीनंतर पुष्कळ जगावं, सकाळी उशिरा उठावं आणि त्यांच्या दारात रांग नसावी, एवढी माझी इच्छा आहे.

त्यांच्या सांगण्यावरून, त्यांच्यासमोर, कुंदाच्या स्वाधीन केले: वंशावळीची वही, एक. जनुक तपासणीचा अहवाल, मूळ प्रत. कुंदाचे इयत्ता तिसरीचे प्रगतिपुस्तक, जे मी दुरुस्तीसाठी तिच्याकडून मागून घेतले होते. त्यातील ‘लक्ष नाही’ हा शेरा खोडला असून खाली माझी सही आहे.