खऱ्या आजाराची रजा

आज सकाळपासून आभाळ भरून आलंय. पाऊस पडत नाही आणि ऊनही पडत नाही. द्राक्षवाल्यांना घोर लावणारी ही हवा. आम्हा रिटायर माणसांना मात्र ती बरी, कारण अशा हवेत नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बाकावरून कुणी उठत नाही. एकानं चहा सांगितला की दुसरा कंपनीतली गोष्ट काढतो, आणि तिच्यातून तिसरी निघते. किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. लग्नघराच्या दारात चपला साठतात तसे ते साठतात. आमच्याकडं सगळ्यात जास्त साठले ते आजारपणाच्या रजेचे.

*

आमची कंपनी अंबडला. मी पत्रा दाबायच्या मशीनवर होतो. ही गोष्ट नव्वदच्या पुढची, कंपन्या जोरात होत्या आणि युनियनही जोरात होती, तेव्हाची. आमच्याकडं आजार पीक बघून यायचे. द्राक्षाचा तोडा आला की निफाडकडच्या पोरांची कंबर धरायची. भाताची आवणी, म्हणजे लावणी, लागली की हरसूलकडच्या सगळ्यांना एकदम ताप.

पर्सोनेलचे साहेब एकदा वैतागले. युनियनचे लीडर निवृत्तीअण्णांना म्हणाले, "अण्णा, तुमच्या माणसांच्या तापाला भाताची आवणी कशी काय कळते?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, दिवसभर चिखलात उभं राहिल्यावर ताप यायचाच की."

साहेबांनी रजा मंजूर केली. दुसरं काय करणार.

*

युनियनची एक रीत होती. मेंबर आजारी पडला की चारपाच जणांनी केळी घेऊन घरी भेटायला जायचं. आणि आजारी माणसानं घरात सापडायचं, एवढंच त्याचं काम.

माझ्या शेजारच्या मशीनवर कारभारी नावाचा एक जण होता, सायखेड्याचा. एकदा पाठ धरली म्हणून रजेवर गेला. आम्ही केळी घेऊन त्याच्या गावी पोचलो. वहिनींनी पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली.

अण्णांनी विचारलं, "कारभारी कुठंय?"

वहिनी म्हणाल्या, "आजारी हायेत ना. टमाट्याचे क्रेट घेऊन मार्केटला गेलेत."

*

आणि मग मी आजारी पडलो. खराच.

ताप नाही, खोकला नाही. झोप गेली, जेवण जाईना. मशीनसमोर उभं राहिलो की डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. हात पत्र्याखाली असायचा आणि मन भलतीकडं. एकदा मशीन खाली आलं आणि बोटं थोडक्यात वाचली. कारभारीनं मागून ओढलं नसतं तर आज हे लिहायला बोटं नसती.

कंपनीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती तपासली, जीभ बघितली. म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही."

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, काहीतरी झालेलं निघालं असतं तर घरी सांगायला सोपं गेलं असतं."

*

नाशिक रोडला मनाच्या आजाराचे एक डॉक्टर बसायचे. अण्णाच मला त्यांच्याकडं घेऊन गेले. त्यांनी गोळ्या दिल्या, दोन महिने मशीनवर जायचं नाही म्हणाले आणि सर्टिफिकेटवर आजाराचं नाव सरळ लिहिलं.

अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "डॉक्टर, तेवढं कावीळ करता का? कावीळ म्हटलं की आमचे साहेब कागदाला हात न लावता सही करतात."

डॉक्टर म्हणाले, "कावीळ कशाला? हा पण आजारच आहे."

बाहेर आल्यावर अण्णा माझ्यावरच चिडले. "अरे, आजार निवडताना तरी जरा विचार करायचा."

*

साहेबांनी रजा अडवली. म्हणाले, "माणूस चालतोय, बोलतोय. याला रजा दिली तर उद्या सगळी कंपनी मन दुखतंय म्हणून घरी बसेल." रजा नाही म्हणजे बिनपरवानगी गैरहजर, आणि मग नोकरीवरच गदा. कामावर जावं तर बोटं जाणार, न जावं तर नोकरी जाणार. मी अण्णांच्या शेजारी मान खाली घालून बसलो होतो.

अण्णांचं तोंड म्हणजे चालू गिरणी. त्या दिवशी मात्र अडखळले. घाम पुसला आणि म्हणाले, "साहेब, आजवर मी तुमच्याकडं किती ताप आणले, किती पाठी आणल्या. सगळं घडाघडा बोललो. त्यातलं खरं किती, ते तुम्हालापण ठाऊक आहे. हा आजार खरा आहे, म्हणून तर मला धड सांगता येईना."

साहेबांनी सर्टिफिकेट पुढं ओढलं. मग पेन उघडलं. सही करता करता म्हणाले, "अण्णा, म्हणजे ते ताप खोटे होते, हे तुम्ही आज कबूल केलंत."

अण्णा म्हणाले, "आजच्यापुरतं."

*

रजा मिळाली आणि रीतीप्रमाणे मंडळी केळी घेऊन आली. पण मनाच्या आजाऱ्याशी बोलायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. डोक्याला ताण होईल असं काही बोलू नका, अशी अण्णांची ताकीद होती. मग कुणी बोलेचना. पाच जण खाटेवर ओळीनं बसलेले, भिंतीकडं बघत मलाच आणलेली केळी खात होते.

शेवटी कारभारी म्हणाला, "भाऊ, तुला बरं वाटावं म्हनून गप बसलोय, पन आता आमालाच कसंतरी व्हाया लागलंय."

मला हसू फुटलं. घरात माझं हसू कुणी ऐकलं नव्हतं कितीतरी दिवसांत. बायको आतून पळत आली, काय झालं म्हणून.

*

डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलं होतं. पण आजारी माणूस रस्त्यात दिसला की कंपनीत बोभाटा. धरून चालवणारा असला की माणूस आजारी दिसतो, म्हणून युनियननं सोबत द्यायचं ठरवलं. कारभारी रात्रीची तिसरी पाळी संपवून थेट माझ्याकडं यायचा. डोळे लाल, केस उभे, चालता चालता झोपायचा. मी त्याला दंडाला धरून रस्त्याच्या कडेनं न्यायचो.

वाटेत ओळखीचे लोक मला हळूच विचारायचे, "यांना काय झालंय हो? कुठं दाखवताय?"

*

दोन महिने संपले, कामावर जायचा दिवस आला. झोप परत आली होती, जेवण जात होतं. भीती होती ती गल्लीची. त्यातही शेजारच्या हिराबाईंची. त्यांची आमची भिंत एक आणि त्यांचा आवाज तीन गल्ल्यांना पुरेल एवढा. नळावर त्या भल्याभल्यांना सोडत नसत. मला झालेलं त्यांच्या कानावर गेलं तर सिडकोत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं आम्हा नवराबायकोला वाटायचं. त्या दोन महिन्यांत त्यांनी एक शब्द विचारला नव्हता, त्यामुळं धाक जास्तच.

मी डबा घेऊन बाहेर पडलो तर त्या त्यांच्या दारातच उभ्या. नळाला पाणी आलेलं, हंडा भरून वाहत होता, त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. आता सुरू होणार म्हणून मी मान खाली घातली.

हिराबाईंनी मागं वळून आपल्या घराकडं एकदा बघितलं. दार ओढून घेतलं. जवळ आल्या आणि मी आधी कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात म्हणाल्या,

"भाऊ, तुमच्या त्या डॉक्टरकडं बायामाणसंपण जातात का हो?"