गादीची हिरवी खुर्ची

त्याचा दिवस सकाळी साडेपाचला सुरू व्हायला लागला, तिथेच आम्हाला पहिला संशय आला. त्याआधी तो आठला उठायचा आणि नऊच्या घंटेला शर्टाची बटणं लावत पळत यायचा.

आमचा कारखाना सोफ्यांचा. मी लाकडी सांगाडे ठोकायचो. तो त्यावर पट्टे ताणायचा, स्प्रिंगा बांधायचा, फोम चढवून कापड मारायचा. हात चांगला, स्वभाव मऊ. जिथे दाबाल तिथे दबायचा, म्हणून सगळे त्याला गादी म्हणायचे.

गादीचं कापडाच्या दुकानातल्या एका बाईशी जमलं होतं. बाई उंच, त्याच्यापेक्षा वीतभर जास्तच. एके दिवशी तिने सांगितलं, "तू माणूस चांगला आहेस. पण तुझ्याशेजारी बसलं की मला झोप येते." आणि सोडून दिलं.

मी म्हटलं, "सोफेवाल्याला याहून मोठी शाबासकी कुठे मिळणार?"

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी मिशी गायब होती.

मग एकेक सुरू झालं. चहा सोडला. पळायला जाऊ लागला. उठाबशा काढून कमरेत लचक भरली, ती दोन दिवस आम्हालाच चोळावी लागली. बोलताना मधेच थांबून खिडकीबाहेर बघू लागला. अत्तराचा वास इतका, की फोम चिकटवायच्या गोंदाचा वास येईना. हे सगळं मला पटत नव्हतं. माणूस बदलतो तेव्हा घाम दिसतो. इथे नुसती खरेदी दिसत होती.

आमच्याकडे एक रीत होती. सोफा बाहेर पडण्याआधी ज्याने तो केला त्यानेच पाव तास त्यावर बसायचं, पाठ टेकून, मान टेकून. टोचलं, करकरलं तर परत खोलायचा. गादीने आदल्या दिवशी केस काळे केलेले, आणि बसला एका दुधी रंगाच्या सोफ्यावर. उठला तेव्हा सोफ्याच्या पाठीवर त्याच्या डोक्याचा काळाकुट्ट ठसा.

मालक बघत राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाला काय सांगू? डोकं फुकट दिलंय म्हणून?"

खोळ उसवून नवी शिवायची पाळी आली टाचणीवर.

टाचणी म्हणजे आमची शिवणवाली. चणीने लहान, बोलायला टोकदार. मशीनवर बसली की पाय नीट पोचावेत म्हणून तिने खाली एक लाकडी फळी ठेवलेली. कारखान्यातल्या कुठल्याच सोफ्यावर ती बसायची नाही. बसली की पाय लोंबायचे आणि कोणीतरी म्हणायचंच, "बाळाला झोका द्या रे."

"कोणासाठी चाललंय हे रंगकाम?" तिने टाके उसवता उसवता विचारलं. "तिला परत आणायचीय ना?"

"नाही," गादी खोळ धरून म्हणाला.

"मग?"

"मलाच माझा कंटाळा आला होता."

"असं सगळेच म्हणतात," टाचणी म्हणाली आणि कात्री पुढे केली. "धर. तिकडून उसव. कापड फाडलंस तर बघ."

दोन दिवस दोघं समोरासमोर बसून उसवत होते. तिसऱ्या दिवसापासून अत्तर बंद. केस आपोआप दोन रंगांचे झाले, मिशी परत आली, चहा तर आधीच आला होता. एकच गोष्ट टिकली, पहाटेचं उठणं. पण पळायला जात नव्हता. मग जातो कुठे?

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर टाचणीचा आवाज चढला. गादी तिच्या मशीनखाली ओणवा झालेला.

"काय करतोयस तिथे?"

"सुई पडली."

"तू हातोडीवाला. तुझी कसली सुई?"

तो लाल होऊन बाहेर आला. मुठीत काहीतरी लपवलेलं. टाचणीने मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, हा माणूस सरळ नाही. लक्ष ठेवा."

मालकांनीही तेच सांगितलं. मागच्या खोलीत कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी उभं आहे, किल्ली गादी लवकर मागून नेतो, माल जातोय का बघा. मोडक्या सोफ्यातलं थोडं लाकूड आणि चार स्प्रिंगा मी स्वतःच त्याला दिल्या होत्या. विचारलं तेव्हा म्हणाला, "घरी स्टूल करतोय." स्टुलाला स्प्रिंगा कशाला लागतात, हे मी तेव्हा विचारलं नाही. पण लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कारखान्यावर गेलो. दाराशी आधीच कोणीतरी फटीला डोळा लावून उभं. टाचणी.

"तुम्ही इथे काय करताय?" ती कुजबुजली.

"तू करतेयस तेच."

आतून हातोडीचे हलके ठोके येत होते. छोटे खिळे, नीट अंतराने. घाईचं काम नव्हतं. चोर असं ठोकत नाही, एवढं मला कळलं. टाचणीला तेवढा धीर नव्हता. तिने दार ढकललं.

गादी तोंडात खिळे धरून गुडघ्यांवर बसलेला. समोर मागच्या खोलीतून बाहेर आणलेली एक खुर्ची. गर्द हिरवी मखमल, लव सगळीकडे एकाच दिशेने खाली उतरलेली. मेहनत दिसत होती.

टाचणीने कापडावर बोट फिरवलं. "हे तिच्या दुकानातलं."

त्याने तोंडातले खिळे हातात घेतले. "हो."

"तिच्याकडूनच घेतलंस?"

"हो. हा रंग दुसरीकडे नव्हता."

"वा! मग नेऊन दे तिला. माझ्या मशीनखाली कशाला शिरतोस?" तिचा आवाज कापला. मी पहिल्यांदाच ऐकला तसा. तेव्हा मला कळलं की ती फटीतून चोर बघायला आली नव्हती.

गादी हातातले खिळे मोजू लागला. शब्द हवे असले की याचे हमखास संपायचे. मी खुर्चीकडे बघत होतो. काहीतरी चुकलेलं दिसत होतं.

"पाय आखूड कापलेस रे," मी म्हटलं. "सांगाडा माझ्याकडून करून घ्यायचास."

"आखूड नाहीत, मिस्त्री."

"आखूडच आहेत. बसून दाखव."

रीत ती रीत. ज्याने केलं त्याने बसायचं. तो बसला आणि त्याचे गुडघे हनुवटीला आले. मला हसू आवरेना. टाचणी मात्र हसली नाही. ती त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती. मग खुर्चीच्या पायांकडे. मग तिची नजर तिच्या मशीनखालच्या फळीकडे गेली.

"ती उंच आहे," टाचणी हळूच म्हणाली.

"हो," गादी म्हणाला.

"तिला ही कशी होईल?"

"नाहीच होणार." त्याने खिशातून टेप काढला. "फळीची जाडी मोजत होतो त्या दिवशी. तेवढी कमी केली."

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला. ती बसली, जपून, काठावर. मग मागे सरकली. पाठ टेकली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. तिने त्या एकदा उचलून पुन्हा टेकवल्या, खोटं तर नाही ना, असं बघितल्यासारखं. मी खिडकी उघडायला गेलो. उघडायची काही गरज नव्हती, पण तिथे उभं राहणं बरं दिसलं नसतं.

पाव तास ती बसली. गादी समोर उभा, हातात हातोडी, मालकांसमोर उभा राहावा तसा.

"कडेची शिवण वाकडी आहे," शेवटी ती म्हणाली.

"मला शिवता कुठे येतं?"

"मग विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, कोणासाठी?"

"म्हणालेच असते." ती उठली. "ठेव इथेच. शिवण मी सरळ करते. बाकीचं बघू. मला लगेच काही पटत नाही."

तिला पटायला वर्ष लागलं. त्या वर्षात ती अत्तर परत आलंय का म्हणून त्याच्या शर्टाचा वास घ्यायची, कापडाच्या दुकानावरून मुद्दाम त्याच्याबरोबर जायची, आणि रोज सकाळी त्याच खुर्चीत बसून चहा प्यायची. मालकांनी ती खुर्ची विकायला काढली नाही. विकली गेलीही नसती.

मी निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. दोन खोल्या, स्वतःच्या. बारा वर्षं जादा काम करून त्याने घेतलेल्या. आत गेलो तर गादी भांडी घासत होता, कमरेत पार दुमडून, कण्हत.

"एवढा वाकतोस कशाला?" मी विचारलं.

"ओटा तिच्या उंचीचा बांधून घेतलाय," तो म्हणाला. "बाकी सगळं जुनंच घेतलं, मिस्त्री. पैसे या ओट्यात गेले."

टाचणी हिरव्या खुर्चीतून ओरडली, "कोणाशी बोलतोयस रे?"