अकरा जणांचा एक कोट

खिमबहादूर घर्ती आठवडाभर दोह्यातल्या उंच इमारतींच्या काचा पुसायचा आणि शुक्रवारी त्याच इमारतींपुढं आपल्या नेपाळी भाऊबंदांना उभं करून फोटो काढायचा. डोंगरातल्या गावी मात्र त्याचं दोह्यात फोटोचं दुकान आहे, असं त्यानंच सांगितलेलं. बायको धनसरी ते चारचौघींत सांगायची.

फोटोचे नियम ठरलेले. पाठीमागं इमारत, अंगात कोट, आणि गुडघ्याखालचं काही घ्यायचं नाही, कारण तिथं कामाचे बूट असत. कोट एकच. देश सोडून गेलेल्या कुणा इंजिनियरनं टाकलेला, डाव्या कॉलरवर इस्त्रीचा तांबूस डाग. एकानं उतरवायचा, दुसऱ्यानं तसाच घामेजला चढवायचा.

त्या साली तिलबहादूर रानाची सोयरीक चालली होती. हा खिमच्या खोलीतला, खालच्या खाटेवरचा. कामावरही शेजारच्याच दोराला लटकायचा. मुलगी खिमच्या गावची, सुनमाया. कोटातला तिलचा फोटो खिमनं तासभर खपून काढला आणि मुलीच्या घरी धाडला.

दशैंचा, म्हणजे नेपाळी दसऱ्याचा, टिळा घ्यायला बायका सुनमायाच्या घरी जमल्या. एकीनं फोन काढला, "आमचं हे बघा." मग दुसरीनं काढला. बघता बघता अकरा फोन निघाले. अकरा गडी, अकरा इमारती, कोट एक. डाग जागच्या जागी. अकरावा गडी तिल.

धनसरीचा फोन आला. "मुलीचा बाप म्हनतोय, कोट तर गावकीचा दिसतोय. पोराचं सोताचं काय हाय ते दावा, न्हाईतर आमी दुसरीकडं बघतो."

तिल खाटेवर बसला. "माझं सोताचं काय हाय रं दादा?"

"बूट."

"थट्टा नगं. तुझ्या कोटापायी लगीन मोडाय लागलंय."

"कोट घालून आरशापुढं मुरकत कोन हुतं?"

कामावर कॅमेरा न्यायला बंदी. सापडला तर सरळ परतीचं विमान. खिमनं तो फडक्यात गुंडाळला, कोरड्या बादलीत घातला आणि तिसाव्या मजल्याच्या उंचीवर बाहेर काढला.

"हसू का?" तिलनं विचारलं.

"आदी नाकाचा फेस पूस."

फोटोत दोर आला, टोपी आली, बूटही आले. मागच्या काचेत अख्खं शहर आलं. आणखी काय आलं, ते घाईत बघायचं राहिलं. खिमनं फोटो धनसरीला धाडला.

दोन दिवसांनी तिचा फोन.

"पोरगी हो म्हनली. लग्नात तेवढा त्यो कोट नगं म्हनली."

तिलनं खाटेवरून उडी मारली ती वरच्या खाटेला डोकं आपटूनच थांबली.

"आन काय वो," धनसरी पुढं म्हणाली, "काचंत कोपऱ्यात दुसरं कोन लटकलंय?"

खिमनं फोटो उघडला. बोटांनी मोठा केला.

"फोटोग्राफर हाय त्यो."

"तुमचं तर दुकान हाय न्हवं?"

"हाय की. जरा उंचावर हाय."

पलीकडं धनसरीनं पायातल्या कोंबड्या हाकलल्या.

"खाली उतरा आदी."

"अगं, फोटो परवाचा हाय. मी खाटंवर बसलोय."

"खाट कितव्या मजल्यावर हाय?"

"तळमजल्यावर."

"फोटू धाडा," धनसरी म्हणाली. "बूट दिसूंद्यात."