शिंपीमामांची नवी पँट

एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा शिंपीमामा बत्तीस वर्षांचे होते. तेव्हापासून स्वतःची पँट शिवताना त्यांनी कमरेत जास्तीचं कापड म्हणून सोडलं नाही. पुढे उसवून मोठी करायला आपण असणार कुठे, असा त्यांचा हिशेब. रोजची गोळी मात्र त्यांनी कधी चुकवली नाही, आणि गोळीमागे स्वतःला बक्षीस म्हणून ओढलेली सिगारेटही नाही.

यंदा, मामांच्या पंचावन्नाव्या वर्षी, डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मानेच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी पाहिली. "मामा, आतला थर जाड झालाय, झटक्याचा धोका आहे. विषाणू दबलाय, तरी त्याची धग रक्तवाहिन्यांना लागतेच. त्यात रक्तदाब, वय आणि तुमचं ते बक्षीस."

"वय? म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार झाला मला?"

"तसंच समजा."

मामांनी हात जोडले. "तुमच्या गोळ्यांनी म्हातारं केलंत बाई, उपकार झाले." खिशातलं सिगारेटचं पाकीट त्यांनी सोबत आलेल्या मामींच्या हातात ठेवलं.

दुकानात येऊन त्यांनी स्वतःसाठी पँट बेतली. कमरेत दोन बोटं जास्त सोडलेली बघून मामी फणकारल्या, "पोट वाढवू नका म्हणाल्यात ना बाई?"

"नाही वाढवत. पण सोय असू दे. बरीच वर्षं घालायचीय."